नवा आला की दगड हलवायचे

माझ्या भाऊजींनी माझ्या टँकमध्ये मला न विचारता मासा सोडला, हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने त्याने एकच प्रश्न केला, "मासाच ना?" जणू मला तक्रार करता यावी म्हणून त्यांनी आत मगर सोडायला हवी होती. म्हणून आता पहिल्यापासून सांगते. मध्येच कुणी "जाऊ दे" म्हणायचं नाही. जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाशी मी लग्न केलेलं आहे, तेवढा एक पुरे.

टँक माझा आहे. बैठकीच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीला लागून, माझ्या कवेत मावणार नाही एवढा लांब. माझं काम चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, काचा फ्रेममध्ये बसवायच्या. घरी येते तेव्हा माझेच डोळे शिणलेले असतात, आणि त्यांना बघायला काहीतरी चांगलं हवं म्हणून मी खाऱ्या पाण्याचा टँक लावला. आधी नुसते दगड आणि पाणी. पाणी मुरेपर्यंत मासे सोडायचे नसतात, म्हणून मी रोज संध्याकाळी दगडांकडे बघत बसायचे. "आज काय म्हणाले तुझे दगड?" असं नवरा विचारायचा. दगड काही म्हणत नव्हते, पण त्यांच्यावर हळूहळू जांभळा थर चढत होता, आणि तो चढल्यावरच मी प्रवाळाचा पहिला तुकडा चिकटवला.

मग मासे. मला डॅमसेल हवे होते. डॅमसेल म्हणजे प्रवाळात राहणारे छोटे, चपळ, रंगाने झगमगणारे मासे, आणि स्वभावाने एक नंबरचे भांडखोर. माशांच्या दुकानदाराच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "डॅमसेल घेताय? मग टीव्ही विकून टाका, घरबसल्या मारामारी दिसेल." पण त्यांच्यातही काही शांत असतात. शांत म्हणजे आपल्या नात्यात एखादी आत्या शांत असते तशी, बाकीच्या आत्यांच्या मानाने. फिकट हिरवे क्रोमिस आणि निळ्या अंगाचे, पिवळ्या शेपटीचे डॅमसेल एकत्र नांदतात. फक्त नांदवावे लागतात. सगळे लहान असतानाच आणायचे आणि सगळे एकाच दिवशी सोडायचे, कारण जो आधी येतो तो मालक होऊन बसतो. लपायला कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात. खाणं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि टँकच्या दोन्ही टोकांना, म्हणजे एकट्याला सगळ्यावर पहारा ठेवता येत नाही. आणि पुढेमागे नवा मासा आणलाच, तर त्याला सोडण्याआधी दगड हलवायचे. दगड हलले की कुणाची कपार कुठली हे कुणालाच कळत नाही. जुनेसुद्धा घटकाभर नवे होतात, आणि सगळ्यांना आपापली जागा पुन्हा शोधावी लागते.

हे सगळं मी पाळलं, म्हणून माझा थवा टिकला. हिरवे वर प्रवाहात, निळे खाली दगडांत. कधीमधी एकमेकांवर धावून जायचे, तेवढं तर आम्हीही जातो.

त्या टँकसमोर जमिनीवर मांडी घालून बसायची ती आमची मुलगी. पंधरा वर्षांची. तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण तिची चिवचिव थांबत नाही. शाळेतून आल्यापासून सुरू. कोण कुणाशी बोलत नाही, बाईंनी वर्गात काय विचारलं, बसमध्ये कुणाची चप्पल तुटली. जेवताना बोलायची, दात घासताना बोलायची, आणि ते फेसातलं बोलणं फक्त मला कळायचं. नवरा बेकरीत काम करतो, पहाटे उठून जातो, त्याला रात्री जेवतानाच डुलक्या लागतात. तो म्हणायचा, हिचं बोलणं थांबलं तर मला जाग येते.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्या घरात भिंतीतले नळ फुटले, फरशा उखडाव्या लागणार होत्या, म्हणून ते दोन-तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले. त्याला आता तीन महिने झाले. एका मोठ्या गोदामाचे पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही, त्यामुळे 'नाही' हा शब्द त्यांनी घरात कधी ऐकलेला नाही. आम्ही त्यांना चिमणीची खोली दिली आणि चिमणीचं अंथरूण बैठकीत आलं. माझी टँकसमोरची खुर्ची त्यांनी स्वतःच घेतली.

मग हळूहळू घराचं गोदाम झालं. चपला उंचीप्रमाणे लागल्या. माझे डबे आकाराप्रमाणे लागले, त्यामुळे साखर शोधताना मला साबणाची पावडर सापडायला लागली. टेबलाच्या ज्या टोकाला बसलं की सगळे दिसतात त्या टोकाला ते बसायचे, समोर भिंतीवरचं घड्याळ. "जेवताना बोलू नये, ठसका लागतो," असं पहिल्याच आठवड्यात म्हणाले. एकदाच म्हणाले, तेही प्रेमाने. माणूस ओरडणारा असता तर मी त्याच्यावर ओरडले तरी असते. हे कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणून माझा चढला की वाईट मीच दिसते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो फणाही काढत नाही. नुसता आत असतो.

एका संध्याकाळी मी दुकानातून आले तर भाऊजी माझ्या खुर्चीत, पोटावर हात जुळवून.

"बघ, काय आणलंय तुझ्यासाठी."

टँकमध्ये एक नवा मासा होता. काळाभोर मखमली, अंगठ्याच्या नखाएवढा, कपाळावर एक पांढरा ठिपका आणि दोन्ही कुशींवर एकेक. डोमिनो डॅमसेल. दिसायला इतका गोड की कुणीही फसावं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

"भाऊजी, हा सोडला कुणी?"

"मीच. सरप्राइज."

"आणि पिशवीतलं पाणी?"

"तेही ओतलं. त्याला ओळखीचं पाणी नको का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतायचं नसतं. मासा सोडण्याआधी नव्या पाण्याची त्याला हळूहळू सवय करायची असते. आणि हा मासा तर आणायचाच नसतो. हा वाढला की तळहाताएवढा होतो आणि मग सगळा टँक आपल्या बापाचा समजतो. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

"इवलासा तर आहे," भाऊजी म्हणाले. "आणि तुझ्या त्या सगळ्या गरीब गाई. एखादा रुबाबदार नको?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पिठाचा माणूस आहे. जिकडून दाबाल तिकडून दबतो.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "प्रेमाने आणलाय त्याने."

मूर्ती लहान पण कीर्ती महान. आठवड्याच्या आत त्या टिचभर डोमिनोने मधली मोठी कपार घेतली, जी निळ्यांची होती. काच पुसायला हात घातला तर माझ्या बोटाला चावला. मी जाळी घेतली, तर जाळी पाण्याला लागायच्या आत साहेब दगडाच्या पोटात. बाटलीत खाणं ठेवून सापळा लावला. त्यात हिरवे अडकले, खेकडा अडकला, गोगलगायही अडकली, तो तेवढा अडकला नाही. बाहेर उभा राहून तो बाकीच्यांची फजिती बघायचा. दगडांत शिरलेला डॅमसेल काढायचा तर सगळे दगड काढावे लागतात, आणि तसं मी बोलले की घरातले दोन्ही पुरुष एका सुरात म्हणायचे, "एका माशासाठी?"

मग पहिला निळा मेला. पंपाच्या मागे, काचेला चिकटलेला सापडला. मी त्याला तळहातावर घेऊन माझ्या दुकानातून आणलेल्या भिंगाखाली पाहिलं. अंगावर एक ओरखडा नव्हता, शेपटी अख्खी होती. फक्त पोट आत गेलेलं.

"खायला कमी घालतेस तू," भाऊजी म्हणाले. आणि वर, "बळी तो कान पिळी. निसर्गच आहे तो."

मी काही कमी घालत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी खाणं टाकून डोळ्यांत तेल घालून बघत उभी राहिले. डोमिनो कुणाला चावला नाही. तो फक्त कपारीतून दोन बोटं पुढे आला आणि वळून बघितलं. बास. निळे आपले आपण मागे सरकले, पंपाच्या मागे जाऊन एकावर एक चिकटले. हिरवेही कोपऱ्यात. खाणं त्यांच्या डोळ्यांसमोरून वाहत गेलं आणि एकानेही तोंड पुढे केलं नाही. जीव घ्यायला चावावं लागतं असं मला तोवर वाटत होतं.

त्याच आठवड्यात एकदा दुकान लवकर बंद झालं. मी घरी आले तर भाऊजी नेहमीप्रमाणे खुर्चीत, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या अरुंद पडवीत चिमणी. कपडे धुण्याच्या मशीनच्या झाकणावर ताट ठेवून, उभ्याउभ्या, भराभर जेवत होती.

"इथे काय करतेस?"

"भूक लागली होती."

"मग टेबलावर बस की."

"नंतर बसेन तुमच्याबरोबर."

तेव्हा मला आठवलं की आमच्याबरोबर बसते तेव्हा ती दोन घास खाते आणि उठते. मी समजत होते वय आहे, मुली खायचं टाळतात. "काका काही बोलले तुला?"

"नाही गं. काहीच नाही बोलत ते." तिने ताट धुवायला घेतलं. "मी बोलायला लागले की ते फक्त घड्याळाकडे बघतात."

ती खोटं बोलत नव्हती. मीही कितीदा ते पाहिलं होतं. चिमणी एखादं वाक्य सुरू करायची, भाऊजी मान वर करून घड्याळ बघायचे, आणि वाक्य तिथेच संपायचं. मग मी कान देऊन ऐकलं. आमच्या घरात पंपाचा आवाज येत होता. तो पूर्वी कधी ऐकू यायचा नाही.

रात्रीपर्यंत मी कशी थांबले ते माझं मला माहीत. नवऱ्याला म्हटलं, "तू बोल त्यांच्याशी."

"मी काय बोलू? तो काही करतच नाही."

"तेच म्हणतेय मी."

"फरशी बसली की जाईल तो. लहानपणापासून मी त्याच्यासमोर..." चाळिशी उलटलेला माणूस, भावाविषयी बोलताना त्याचंही वाक्य अर्ध्यावर राहतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, जास्त रागच.

म्हणून मीच बोलले. "भाऊजी, चिमणीला जेवताना बोलू देत जा."

"मी कुठे अडवलंय?" ते म्हणाले, आणि खरोखरच चकित झाले.

माझ्या दुकानात अशी माणसं रोज येतात. समोरच्या पाटीवरची ओळ वाचता येत नाही आणि म्हणतात, पाटीच पुसट झालीय. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही. मी वाद घालत नाही. काच बदलते.

पुढच्या शनिवारी भाऊजी सकाळीच बाहेर पडले. गोदामातल्या जुन्या सहकाऱ्यांचा मेळावा होता, रविवारी संध्याकाळी परतणार होते. दार लागलं आणि मी घरातल्या सगळ्या बादल्या बैठकीत आणल्या.

"एका माशासाठी?" नवरा म्हणाला.

"एका माशासाठी नाही. बाकीच्यांसाठी. सोफा उचल."

सोफा, टेबल, खुर्च्या, सगळं एका बाजूला सारलं. पाणी नळीने बादल्यांत घेतलं. प्रवाळ एका टबात, दगड दुसऱ्या टबात, सगळं त्यांच्याच पाण्यात बुडवून. चिमणी जाळी घेऊन गुडघ्यांवर बसली. हिरवे आधी सापडले, मग उरलेले निळे, एकेक करून बादलीत. डोमिनो शेवटच्या दगडाखाली होता. दगड उचलला तर तळात वीतभर पाणी आणि त्यात तो एकटा, पळायला कुठेच कपार नाही. तरी माघार नाही. नवऱ्याने धरायला हात घातला तर त्याच्या अंगठ्याला चावला, आणि नवरा त्या उघड्या टँकमध्ये खांद्यापर्यंत हात घातलेला असताना "अगं आई गं" करून ओरडला.

चिमणी हसली. मोठ्याने, मागे पडून, तोंडावर हात न ठेवता. "बाबा, तुझा अंगठा त्याच्यापेक्षा मोठा आहे," ती म्हणाली, आणि मग तिला वर्गातल्या कुणाला तरी मांजर कसं चावलं ते आठवलं, त्यावरून दवाखाना, दवाखान्यावरून कुणाची तरी खोटी उलटी, आणि जाळी निथळत असताना ती बोलतच राहिली. नवरा अंगठा धरून तिच्याकडे बघत होता. पिठाचा माणूस, पण मूर्ख नाही.

दगड परत लावायचं काम चिमणीला दिलं. जिथे मोठी कपार होती तिथे तिने सपाट दगड ठेवला, आणि बारीक बारीक कपारी दोन्ही टोकांना केल्या. मग थवा सोडला. बिचारे घटकाभर भांबावले, आणि मग एक निळा डावीकडच्या कपारीत शिरला, तोंड बाहेर काढून बसला. डोमिनोला भोकांच्या डब्यात घालून डबा टँकच्या आत काचेला अडकवला. दुकानदार त्याला परत घ्यायला तयार होता, पण सोमवारी.

फरशी पुसली आणि मी खुर्ची जागेवर ठेवायला उचलली.

"थांब," नवरा म्हणाला. "तिथे नको."

"मग कुठे?"

"कुठेही. आधी होती तिथे नको."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. तो टँकमधल्या दगडांकडे बघत होता. मग तो उठला, चिमणीच्या खोलीत गेला आणि भाऊजींची गादी गुंडाळून बाहेर घेऊन आला. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "भाऊ माझा आहे. गादी मी उचलतो."

रविवार दुपारपर्यंत आम्ही घर हलवत होतो. सोफा खिडकीशी गेला. खुर्ची फिरवून कोपऱ्यात. चिमणीचं अंथरूण तिच्या खोलीत परत आलं, भाऊजींची गादी बैठकीत टँकशेजारी. जेवणाचं टेबल भाऊजींच्या टोकाने भिंतीला टेकवलं, त्यामुळे सगळ्यांवर नजर ठेवायचं ते टोकच उरलं नाही. डबेसुद्धा मी माझ्या मनाप्रमाणे लावले, साखर हाताच्या अंतरावर.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा दार उघडलं. चिमणी खेळाच्या तासाचं काहीतरी सांगत होती, ती थांबली. पंपाचा आवाज ऐकू यायला लागला.

भाऊजी हातात बॅग घेऊन उंबऱ्यात उभे. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "माझी खुर्ची?"

"ती तिकडे कोपऱ्यात आहे," मी म्हणाले.

"आणि गादी?"

मी बोलणार होते, पण नवरा बोलला. "दादा, तू इथे, टँकशेजारी. ती खोली चिमणीची आहे." या वेळी त्याने वाक्य पूर्ण केलं.

भाऊजी टँकपाशी गेले. वाकून डब्याकडे बघितलं. "ह्याला का कोंडलंय?"

"जायचाय तो," मी म्हणाले. "पण जाईपर्यंत इथे कसं राहायचं ते आम्ही ठरवू."

त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. मला पर्वाही नव्हती. तीन महिने साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं आणि त्यातला एकही शब्द गोड नव्हता. भाऊजी टेबलाजवळ आले, नेहमीचं टोक शोधलं, ते भिंतीला लागलेलं. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग मी बसू कुठे?"

हा प्रश्न त्यांनी या घरात पहिल्यांदाच विचारला. मी तोंड उघडायच्या आत चिमणीने पायाने स्टूल बाहेर ढकललं.

"इथे बसा, काका. पण थांबा, माझं आधी सांगून होऊ दे."

ते बसले, बॅग मांडीवर घेऊन. चिमणीने मोठा घास घेतला आणि घासासकट सुरू झाली. शिट्टी कुणी वाजवली, कोण पडलं, कुणी ढकललं आणि कुणावर आलं. मध्येच भाऊजींनी मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता. घड्याळही आम्ही हलवलं होतं.